एल युंके वर्षावनातील पायवाटा

एल युंके हे कॅरिबियन समुद्रातील प्वेर्तो रिको बेटाच्या ईशान्य भागात, लुकियो डोंगररांगेत पसरलेले राखीव वन आहे. क्षेत्रफळ सुमारे ११३ चौ. किमी., म्हणजे तसे आटोपशीरच. पण अमेरिकेच्या राष्ट्रीय वनांपैकी उष्णकटिबंधीय वर्षावन हे एकटेच. स्पेनच्या राजाने १८७६ मध्ये येथील जंगलाला संरक्षण दिले. बेट अमेरिकेकडे गेल्यावर १९०३ मध्ये ते राखीव वन झाले आणि आजचे नाव त्याला २००७ मध्ये मिळाले.

येथल्या वाटा पाण्याने घडवल्या आहेत. समुद्रावरून येणारे पूर्वेचे व्यापारी वारे या डोंगरांना अडतात, वर चढून थंड होतात आणि बरसतात. पायथ्याकडे वर्षाला २,५०० मिमीच्या आसपास पाऊस पडतो, तर माथ्यावर ४,००० मिमीहून अधिक. त्यामुळे गर्दीच्या बऱ्याच वाटांवर फरसबंदी आहे. रानात सिमेंट कशाला, असे प्रथम वाटते; पण एवढ्या पावसात रोज शेकडो पावले पडणारी मातीची वाट पाहता पाहता घळ होऊन जाते, हे ध्यानात घेतले की ती फरसबंदी पटते. १९३० च्या दशकातील महामंदीत बेरोजगार तरुणांना काम देण्यासाठी काढलेल्या सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअरने येथे बरेच बांधकाम केले. माउंट ब्रिटनवरचा दगडी मनोराही त्यांचाच. तिथवरची सव्वा किलोमीटरची चढण छोटी, पण दमछाक करणारी आहे.

चालणाऱ्याला या जंगलाचे खरे दान मिळते ते चढताना. अवघ्या काही तासांत चार प्रकारची जंगले लागतात. खाली, सुमारे ६०० मीटरपर्यंत, ताबोनुको वृक्षांचे राज्य. त्यांच्या सालीतून पांढरी, सुवासिक राळ पाझरते. पूर्वी ती मशालींसाठी वापरत. त्याहून वर पालो कोलोरादो हा तांबूस खोडाचा, पिळवटलेला, दीर्घायुषी वृक्ष. उभ्या, ओल्या उतारांवर मात्र इतर झाडे मागे पडतात आणि डोंगरी ताडांची दाटी होते. शेवटी माथ्यावर बुटके वन. येथे झाडे जेमतेम तीन-चार मीटर वाढतात. वारा सतत, ढग पायाशी, जमीन पाण्याने इतकी भरलेली की मुळांना हवा मिळेना. म्हणून मुळे खोडांवरूनच हवेत फुटतात. प्रत्येक फांदीवर शेवाळाचा जाड थर असतो. दृश्य पाहायला म्हणून माथ्यावर जाणाऱ्यांना बहुधा धुकेच भेटते, पण हे बुटके वन पाहायला धुक्यासारखी वेळ नाही.

सर्वांत उंच शिखर एल तोरो, सुमारे १,०७५ मीटर. त्याची वाट फरसबंदीची नाही. घोट्यापर्यंतचा चिखल, आडवी मुळे आणि अंगावर येणारे गवत यांतून जावे लागते, म्हणून गर्दीही कमी.

संध्याकाळ झाली, की पाऊस पडून गेला की, कोकी बेडूक सुरू होतात. अंगठ्याएवढ्या नराची ‘को-की’ अशी साद सगळे रान भरून टाकते. या बेडकांना डबकेही लागत नाही. अंड्यातून थेट इवलासा बेडूकच बाहेर येतो.

मोठे हिंस्र श्वापद येथे नाही. भीती बाळगावी ती ओढ्यांची. खाली ऊन असताना वर कोसळलेला पाऊस काही मिनिटांत लोंढा होऊन येतो. पाणी अचानक गढूळ झाले, पालापाचोळा वाहू लागला, तर तत्काळ काठ सोडून उंचावर जावे. दरडीही नेहमीच्याच. १९१ क्रमांकाचा रस्ता एके काळी डोंगर ओलांडून दक्षिणेला उतरत असे; दरडींमुळे तो आता आरपार जात नाही.

चक्रीवादळे हा या रानाच्या जगण्याचाच भाग आहे. १९८९ मध्ये ह्यूगो, सप्टेंबर २०१७ मध्ये मारिया. मारियाने डोंगरउतारांवर पान ठेवले नाही, कित्येक वाटा गाडल्या आणि प्वेर्तो रिकोच्या हिरव्या पोपटांचा येथील थवा जवळजवळ संपवला. १९७५ मध्ये अवघे १३ रानटी पोपट उरले होते, तिथून कष्टाने वाढवलेला तो थवा होता. पुढे पिंजऱ्यात वाढवलेले पोपट पुन्हा येथे सोडण्यात आले.

ताबोनुको मात्र वादळात तुलनेने तगतो. शेजारच्या झाडांची मुळे जमिनीखाली एकमेकांत जुळलेली असतात आणि खडकाला धरून असतात. जिथे झाडे पडून ऊन जमिनीला लागते, तिथे यागृमो हा वृक्ष झपाट्याने उगवतो. त्याची मोठी पाने वाऱ्याने उलटली की खालची पांढरट बाजू दुरूनही चमकते. वाटेच्या कडेला अशी पाने दाट दिसली, की तिथले झाडांचे छत अलीकडेच फाटले होते असे ओळखता येते.