साठेबाज नेमकं म्हणायचं कोणाला?

पेनीचा पाव पेनीलाच मिळायचा. गहू महागला की तो हलका व्हायचा. तेराव्या शतकापासूनची ही रीत पहिल्या एलिझाबेथ राणीच्या इंग्लंडातही चालू होती. भांडण पावापेक्षा धान्याच्या मधल्या माणसावरून होतं.

१५५२ चा कायदा एलिझाबेथ गादीवर येण्याच्या सहा वर्षं आधीचा. त्यात तीन गुन्हे सांगितले होते. शेतकऱ्याला बाजाराच्या वाटेवरच गाठून माल उचलणारा ‘फोरस्टॉलर’. एका बाजारात घेऊन तिथेच किंवा चार मैलांच्या आत पुन्हा विकणारा ‘रिग्रेटर’. उभं पीक किंवा धान्य पुढे विकायच्या बेताने घेणारा ‘एन्ग्रोसर’. मराठीत आपण तिघांनाही साठेबाज म्हणून मोकळे होतो, पण पहिल्या दोघांकडे साठा असेलच असं नाही. आणि तिसऱ्याच्या व्याख्येत अख्खा धान्यव्यापार सापडतो. मग शहराला धान्य पोचवायचं कोणी? त्यासाठी परवानाधारक ‘बॅजर’, म्हणजे गावोगावचं धान्य उचलून दूरच्या बाजारात नेणारा फिरता व्यापारी. १५६३ मध्ये त्याच्यावर अटी आल्या: परवाना वर्षापुरता, वय किमान ३०, लग्न झालेलं, स्वतःचं घर, त्याच काउंटीत (जिल्ह्यात) तीन वर्षं वास्तव्य. संसारी माणूस पळून जात नाही, असा हिशेब असावा.

१५८६ चं पीक बुडालं आणि पुढच्या जानेवारीत कोठारं तपासायचे हुकूम निघाले. घरात खाणारी तोंडं किती, बियाणं किती, हे वजा करून उरलेलं दर आठवड्याला बाजारात आणायचं. आधी गरिबांना, थोडं थोडं. १५९४ पासून सलग चार हंगाम बिघडले, हुकूम पुन्हा निघाले. फेब्रुवारी १५९८ च्या स्ट्रॅटफर्डच्या यादीत एका घरमालकाकडे १० क्वार्टर (धान्याचं जुनं माप), म्हणजे ८० बुशेल माल्ट, म्हणजे बिअरसाठी मोड आणून वाळवलेलं धान्य, नोंदलंय. हा गृहस्थ लंडनला नाटकं लिहायचा: शेक्सपिअर.

झडतीची दवंडी म्हणजे टंचाईचीच दवंडी, ही कुरकुर तेव्हाही होती, आणि ती मला पटते. लंडनच्या पोटाला बाल्टिक किनाऱ्यावरच्या डान्झिग बंदराकडून आलेल्या राय या धान्याचा आधार तरी दिसतो.

हुकूम शेवटचे निघाले १६३०-३१ मध्ये. १५५२ चा कायदा १७७२ ला रद्द झाला, तरी जुन्या रूढ कायद्यात (कॉमन लॉ) गुन्हा उरलाच. १८०० साली लंडनच्या एका दलालाला त्यावरूनच दोषी ठरवलं: क्वार्टरला ४१ शिलिंगांनी ९० क्वार्टर ओट्स घेतले आणि त्याच दिवशी त्यातले ३० क्वार्टर ४४ ने विकले. शिक्षेवर न्यायाधीशांचं एकमत झालं नाही. जमावाने मात्र त्याच्या घरावर हल्ला केला. गुन्हा पुस्तकातून पुसला गेला तो १८४४ मध्ये.