राव्हेस्टेन, सीबोल्ड व्हान

(१८ फेब्रुवारी १८८९ – २३ नोव्हेंबर १९८३). रेल्वे स्थानकांसाठी प्रसिद्ध असलेला डच वास्तुविशारद. जन्म रॉटरडॅमचा. डेल्फ्टला स्थापत्य अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊन १९१२ मध्ये तो रेल्वेच्या नोकरीत लागला. पूल, मालधक्क्यावरची कचेरी, सिग्नल केबिन अशी दुय्यम समजली जाणारी कामे सुरुवातीला त्याच्याकडे आली आणि ती त्याने मन लावून केली. १९३०च्या दशकाच्या आरंभी बांधलेली मास्ट्रिख्टची केबिन अजून उभी आहे. काँक्रीट, पोलाद आणि काच यांच्या या इमारतीत शोभेसाठी म्हणून काही नाही. केबिनमास्तरला रूळ नीट दिसावेत एवढ्याच हिशेबाने ती बेतलेली आहे.

पुढे त्याची रेषा वळली. इटलीतील बरोक (सतराव्या शतकातली वळणदार, अलंकारप्रचुर शैली) वास्तूंचा प्रभाव पडून त्याच्या इमारतींत कमानदार छते, नागमोडी भिंती आणि छपरांवर पुतळे आले. उपयुक्ततेलाच सौंदर्य मानणाऱ्या त्याच्या पूर्वीच्या सहकाऱ्यांना हे मुळीच रुचले नाही. मात्र या वळणाला केवळ हौस म्हणता येत नाही, कारण रॉटरडॅमचे ब्लाइडॉर्प प्राणिसंग्रहालय आणि डॉर्ड्रेख्टचे कुन्स्टमिन नाट्यगृह ही त्याची उत्तम कामे त्यातूनच झाली.

डिसेंबर १९३८ मध्ये उट्रेख्टचे स्थानक आगीत जळाले, तेव्हा नवी इमारत त्यानेच उभारली. दुसऱ्या महायुद्धात अनेक स्थानकांची पडझड झाली आणि पुनर्बांधणीचा मोठा भार त्याच्यावर आला. नायमेखन, फ्लिसिंगेन, डेन बॉस येथील स्थानके त्या काळातली. १९५७ मध्ये रॉटरडॅम सेंट्रल खुले झाले, तेव्हा त्याने साठी ओलांडली होती.

एवढे बांधूनही त्याच्या वाट्याला पाडापाडीच अधिक आली. उट्रेख्टची इमारत नव्या व्यापारी संकुलासाठी १९७०च्या दशकात गेली. ती त्याच्या हयातीतच. डेन बॉसची १९९०च्या दशकात गेली, तर रॉटरडॅमची २००७ पासून पाडण्यात आली. तिथे २०१४ मध्ये खुल्या झालेल्या नव्या स्थानकात जुने घड्याळ, दर्शनी भागावरची नावाची अक्षरे आणि दगडी शिल्पांची जोडी जपली आहे. या शिल्पांना रॉटरडॅमकर लाडाने ‘स्पेकुलास’ म्हणतात. स्पेकुलास म्हणजे साच्यात आकृती उठवलेले मसालेदार डच बिस्किट. आर्नेमला त्याने आखलेला एक छोटा पेट्रोल पंपही टिकून आहे.