दुओमाँ अस्थिगृह

ईशान्य फ्रान्समधील व्हर्दून शहराजवळच्या डोंगरधारेवर उभारलेले युद्धस्मारक. पहिल्या महायुद्धातील व्हर्दूनची लढाई २१ फेब्रुवारी ते १८ डिसेंबर १९१६ अशी चालली. फ्रेंच व जर्मन मिळून सुमारे तीन लाख सैनिक तीत मेले किंवा बेपत्ता झाले. त्यांपैकी ओळख न पटलेल्या सुमारे १,३०,००० जणांच्या अस्थी येथे एकत्र आहेत.

ओळख हरवण्याचे कारण तोफखाना. पुरलेले प्रेत पुढच्या माऱ्यात उखडले जाई, पुन्हा मातीखाली जाई, आणि असे कित्येकदा होई. हाडे विखुरल्यावर ती कोणाची हे तर राहोच, कोणत्या बाजूच्या सैनिकाची हेही सांगता येत नसे. म्हणून दोन्ही सैन्यांच्या अस्थी येथे वेगळ्या केलेल्या नाहीत.

युद्धानंतर व्हर्दूनचे बिशप शार्ल जिनिस्ती यांनी पुढाकार घेतला. रणभूमीवर गोळा केलेल्या अस्थी आधी एका लाकडी बराकीत ठेवल्या जात. कायम वास्तूसाठी जिनिस्ती यांनी देशोदेशी फिरून वर्गणी जमवली. वर्गणी देणाऱ्या शहरांची बोधचिन्हे बाहेरच्या भिंतीवर कोरलेली दिसतात. २२ ऑगस्ट १९२० रोजी व्हर्दूनच्या लढाईतील फ्रेंच सेनानी मार्शल पेताँ यांनी पायाचा दगड बसवला. लेआँ अझेमा, माक्स एद्रेई व झाक आर्दी हे वास्तुविशारद. सप्टेंबर १९२७ मध्ये अस्थी नव्या इमारतीत हलवल्या गेल्या आणि ७ ऑगस्ट १९३२ रोजी राष्ट्राध्यक्ष आल्बेअर लब्रँ यांनी उद्घाटन केले.

वास्तूचा गाभा म्हणजे १३७ मीटर लांबीचे कमानी छताचे दालन. त्यात १८ कोनाडे असून प्रत्येकात दोन दगडी समाध्या आहेत, आणि दोन्ही टोकांना पाच-पाच, एकूण ४६. प्रत्येक समाधी रणभूमीच्या एका विभागाची आहे, आणि त्या विभागात सापडलेली हाडे तिच्याखालच्या तळघरात ठेवली आहेत. नावानुसार मांडणी शक्य नव्हती, म्हणून ती जागेनुसार केली. मुलगा कोणत्या भागात पडला एवढेच ज्या आईला ठाऊक होते, तिला उभे राहायला निदान एक समाधी मिळाली. या इमारतीत याहून मोलाचे काही नाही. भिंती व छतावरील काही दगडांवर नावे आहेत, ती कुटुंबांनी कोरवून घेतलेली. २०१४ मध्ये त्यांत प्रथमच एका जर्मन सैनिकाचे नाव आले.

पुष्कळजण दालन पाहून परततात. अस्थी पाहायच्या तर इमारतीला वळसा घालून मागे जावे लागते. तिथे जमिनीलगतच्या छोट्या खिडक्यांच्या काचांतून तळघरातले हाडांचे ढीग दिसतात.

मधला मनोरा ४६ मीटर उंच असून वर जायला २०४ पायऱ्या आहेत. माथ्यावरचा फिरता दिवा रात्री लाल व पांढरा प्रकाश टाकतो. मनोऱ्यातील सुमारे दोन टनांची घंटा एका अमेरिकन दात्या स्त्रीने दिली. प्रार्थनागृहातील रंगीत काचचित्रांची रेखाटने जॉर्ज देव्हालिएर यांची.

समोरच्या उतारावर सरकारी दफनभूमी आहे. अस्थिगृह मात्र खासगी संस्थेकडे असते. दफनभूमीत १६,१४२ फ्रेंच सैनिकांच्या कबरी आहेत. वसाहतींमधून आणलेल्या मुस्लिम सैनिकांचा विभाग वेगळा आहे आणि तेथील शिळा मक्केच्या दिशेला आहेत, त्यामुळे क्रुसांच्या रांगांपासून त्या तिरप्या दिसतात. जवळच ज्यू (१९३८) व मुस्लिम (२००६) सैनिकांची स्मारके आहेत. मुस्लिमांच्या स्मारकाला इतकी वर्षे लागावीत, हे खटकते.

२२ सप्टेंबर १९८४ रोजी फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष मितराँ व पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर कोल येथे हातात हात घेऊन उभे राहिले.

या परिसराच्या मातीतून अजूनही अस्थी निघतात. २०१३ मध्ये फ्ल्यूरी या नष्ट झालेल्या गावाजवळ २६ फ्रेंच सैनिकांचे अवशेष सापडले. ओळखपट्ट्यांवरून सात जणांची नावे कळली.