पेरोव्हस्काइट एलईडीची कार्यक्षमता

पेरोव्हस्काइट हे १८३९ मध्ये उरल पर्वतात सापडलेल्या कॅल्शियम टायटेनेट या खनिजाचे नाव. तशीच स्फटिकरचना असलेल्या शिसे-हॅलाइड (शिसे आणि क्लोराइड, ब्रोमाइड किंवा आयोडाइड यांच्या) संयुगांच्या पातळ थरातून विजेच्या साहाय्याने प्रकाश देणारा डायोड म्हणजे पेरोव्हस्काइट एलईडी. हा थर द्रावणापासून, फारशी उष्णता न देता बनवता येतो आणि त्याचा रंग शुद्ध असतो. म्हणून पडद्यांसाठी त्याचे आकर्षण.

शंभर इलेक्ट्रॉन आत सोडले तर किती फोटॉन, म्हणजे प्रकाशकण, बाहेर आले, हे बाह्य क्वांटम कार्यक्षमता सांगते. २०१४ मध्ये केंब्रिज येथे भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फ्रेंड यांच्या गटाने सामान्य तापमानाला उजळणारे असे डायोड दाखवले, तेव्हा ती अवरक्तासाठी ०.७६ टक्के आणि हिरव्यासाठी जेमतेम ०.१ टक्का होती. शंभरातले नव्याण्णव इलेक्ट्रॉन वाया!

गळती मुख्यतः स्फटिकातील दोषांमुळे होते. हॅलाइड आयनाची जागा रिकामी राहिली किंवा शिशाचा अणू सुटा पडला, की इलेक्ट्रॉन तिथे अडकतो आणि त्याची ऊर्जा उष्णतेत जाते. २०१५ मध्ये दक्षिण कोरियातील ते-वू ली यांच्या गटाने द्रावणात मिथिलअमोनियम ब्रोमाइड हा पेरोव्हस्काइटचाच एक घटक किंचित जास्त घालून सुटे शिसे आवरले, स्फटिककणही बारीक केले, कार्यक्षमता ८.५३ टक्क्यांवर गेली. उपाय स्वयंपाकातल्या चिमूटभर जास्तीच्या मिठाइतका साधा, पण गुण मोठा. पुढे दोषांना चिकटून बसणारे सेंद्रिय रेणू वापरण्याची पद्धत रूढ झाली. २०२२ मध्ये याच गटाने सुमारे १० नॅनोमीटरच्या कणांभोवती अशा रेणूंचे कवच तयार करून २८.९ टक्के गाठले.

दोष आवरले तरी प्रकाश थरातच कोंडतो, कारण थराचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश वाकवण्याची क्षमता, काचेपेक्षा बराच जास्त असतो. सपाट थरातून फोटॉनांचा लहानसा वाटाच थेट निसटतो. २०१८ मध्ये चीनमधील एका गटाने थर मुद्दाम तुटक, बेटांसारखा वाढू दिला. त्या खडबडीतपणामुळे प्रकाश बाहेर वळला आणि अवरक्त डायोडने २०.७ टक्के नोंदवले. त्याच वर्षी हिरव्यानेही विशी ओलांडली. कोंडलेला फोटॉन पुन्हा शोषला जाऊन नव्याने बाहेर फेकला जातो, याचाही थोडा हातभार लागतो.

निळा रंग मात्र मागेच आहे. त्यासाठी बहुधा ब्रोमाइडमध्ये क्लोराइड मिसळतात, आणि वीज वाहू लागली की हे आयन सरकून वेगळे होतात. निळा हळूहळू हिरव्याकडे झुकतो.