काळा धूर आला म्हणजे पंप-नोझल गेले?

‘गाडी काळा धूर ओकतेय ना, मग पंप आणि नोझलचा अख्खा सेट बदला.’ (पंप डिझेल दाबाने पाठवतो, नोझल ते इंजिनात फवारतो.) हायवेवरच्या गॅरेजांत हा निकाल वर्षानुवर्षं दिला जातोय आणि बऱ्याचदा तो घाईचा असतो. काळा धूर एवढंच सांगतो, की डिझेलच्या मानाने हवा कमी पडली. म्हणून आधी एअर फिल्टर काढून बघा. मग टर्बोपासून (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) इंटरकूलरकडे (ती हवा थंड करणारी जाळी) जाणारा होस. क्लिपखाली तेलकट काळा ओघळ दिसला, तर हवा तिथूनच निसटत असण्याची दाट शक्यता.

शंका नोझलवरच असेल तर तपासणी आहे की! जुन्या इनलाइन पंपाच्या ट्रकचा नोझल हँड टेस्टरवर लावतात. ठरलेल्या दाबाला बारीक फवारा सुटला आणि टोक कोरडं राहिलं, तर तो ठीक. थेंब लोंबला तर खराब. कॉमन रेलमध्ये, म्हणजे एकाच सामायिक नळीतून सगळ्या इंजेक्टरना (नोझल असलेले फवारणीचे भाग) डिझेल मिळतं त्या इंजिनात, प्रत्येक इंजेक्टरचं रिटर्न, म्हणजे परत येणारं, डिझेल वेगळ्या बाटलीत मोजतात. दोषी एक निघाला तर तोच बदला. बऱ्याच गाड्यांत नव्याचा कोड ईसीयूत (इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये) भरावा लागतो, तो राहतो आणि मग गाडी धडधडते. चालू इंजिनात पाइपचा नट ढिला करायची जुनी खोड इथे नको. इथे दाब हजार बारच्याही वर जाऊ शकतो आणि असं डिझेल कातडी भेदून आत जातं.

अख्खा सेट लागतो तो हाय-प्रेशर पंप आतून खरवडला गेला आणि डिझेल फिल्टरमध्ये धातूचा चकाकता कीस सापडला तर. तेव्हा रेल, पाइप, इंजेक्टर सगळंच बघावं लागतं, टाकीसुद्धा धुवावी लागते. तिथे नुसता पंप बदलला, तर उरलेला कीस नव्या पंपालाही खातो.