विमानतळावरील स्पा

उड्डाणाआधी किंवा दोन विमानांमधल्या मोकळ्या वेळात विमानतळावरच मिळणारी मालिश, चेहऱ्याचे उपचार आणि अंघोळीची सोय यांना मिळून ‘विमानतळावरील स्पा’ म्हणतात. काही स्पा कुणीही पैसे मोजून वापरावेत असे असतात. भारतात ‘ओ-टू स्पा’ ही कंपनी अशी सेवा चालवते. काही ठिकाणी मात्र विमान कंपनीच आपल्या बिझनेस आणि फर्स्ट क्लासच्या प्रवाशांना ती तिकिटातच देते. ही नोंद मुख्यतः या दुसऱ्या प्रकाराविषयी आहे.

खास प्रवाशांसाठी वेगळा लाउंज मांडण्याची कल्पना जुनी आहे. अमेरिकन एअरलाइन्सने न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावर १९३९ मध्ये ‘ॲडमिरल्स क्लब’ उघडला. तिथे बसायचे, खायचे-प्यायचे, एवढेच. महागड्या तिकिटांसाठी कंपन्यांची चढाओढ लागली तेव्हा त्यात मालिशची भर पडली.

या सेवेचा सर्वांत चांगला नमुना बँकॉकचा म्हणावा लागेल. तिथला सुवर्णभूमी विमानतळ २००६ मध्ये सुरू झाला. थाई एअरवेजचा ‘रॉयल ऑर्किड स्पा’ तिथे आहे. बिझनेस क्लासच्या प्रवाशाला अर्धा तास मान-खांद्यांची किंवा पायांची मालिश आणि फर्स्ट क्लासच्या प्रवाशाला तासभर पूर्ण अंगाची, असा तिथला रिवाज. इतरत्र स्पा म्हणजे लाउंजला लावलेले ठिगळ वाटते. इथे तसे वाटत नाही, कारण ही विद्या त्याच मातीतली आहे. बँकॉकच्या वाट फो मंदिरात शरीरातल्या दाबबिंदूंच्या आकृत्या एकोणिसाव्या शतकात दगडावर कोरल्या गेल्या. थाई मालिश, म्हणजे ‘नुआद थाई’, २०१९ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आली. थाई परंपरा या विद्येचा आद्यगुरू म्हणून मगधातल्या जीवक वैद्याला नमन करते. ज्या रेषांवर दाब द्यायचा त्यांतल्या प्रमुख रेषांची नावे आहेत सुमना, इत्था आणि पिंगखला. योगातल्या सुषुम्ना, इडा, पिंगला या नाड्या ज्याने ऐकल्या आहेत त्याला वेगळे सांगायला नको.

पायांची मालिश पाय धुऊन, टिपून सुरू होते. पोटरीपर्यंत मलम चोळतात, मग अंगठ्याने टाचेकडून बोटांकडे दाबत जातात. शेवटी गोल टोकाची छोटी लाकडी काडी तळव्याच्या ठरावीक जागी रुतवतात. काशाच्या वाटीने तळपाय घासून घेतलेल्या मराठी माणसाला हे ओळखीचे वाटेल, पण हा दाब पुष्कळ खोल जातो. फारच दुखले तर ‘बाओ-बाओ’ म्हणावे. थाईत त्याचा अर्थ ‘हळू, हळू’. मुंबईहून बँकॉकमार्गे जपान किंवा ऑस्ट्रेलियाला जाणाऱ्याने हा अर्धा तास अजिबात सोडू नये. युरोपला जाणारी विमाने मध्यरात्रीच्या सुमारास निघतात, त्याआधी गर्दी होते. म्हणून लाउंजमध्ये ताट वाढून घेण्याआधीच स्पाच्या काउंटरवर नाव नोंदवावे.

मालिशीने बरे वाटण्यामागे कारण आहे. विमानातल्या हवेचा दाब साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीवरच्या हवेइतका असतो आणि हवा फार कोरडी असते. तासन्‌तास गुडघे वाकवून बसल्याने पोटऱ्यांचे स्नायू हलत नाहीत, रक्त आणि पाणी खाली साचते, घोटे सुजतात. चोळल्याने ही सूज आणि मानेचा ताठरपणा कमी होतो. रक्ताच्या गुठळीवर मात्र मालिश हा उपाय नाही. चार तासांहून लांबच्या प्रवासाने गुठळीचा धोका वाढतो. एकच पोटरी सुजली, गरम लागली, दुखू लागली, तर ती कुणालाही चोळू देऊ नये, सरळ डॉक्टर गाठावा. चालणे, घोटे फिरवणे आणि पाणी पिणे याला मालिश पर्याय ठरत नाही.

सिडनी आणि मेलबर्नमधले क्वांटास या ऑस्ट्रेलियन विमान कंपनीचे फर्स्ट क्लास लाउंज २००७ मध्ये डिझायनर मार्क न्यूसन यांच्या आराखड्यानुसार उभे राहिले. सिडनीत फ्रेंच वनस्पतितज्ज्ञ पॅट्रिक ब्लाँ यांनी रचलेली झाडांची उभी भिंत आहे, आणि तिथल्या स्पातले छोटे उपचार प्रवाशांच्या विशेष आवडीचे. फ्रँकफर्टच्या विमानतळावर लुफ्तान्सा या जर्मन कंपनीचे स्वतंत्र फर्स्ट क्लास टर्मिनल २००४ पासून आहे. तिथल्या न्हाणीघरात टब भरून निवांत डुंबता येते, सोबतीला रबरी बदक मिळते आणि ते घरी नेता येते. दुबईच्या एमिरेट्सने २००८ पासून ए-३८० या दुमजली विमानात फर्स्ट क्लाससाठी शॉवरच्या दोन खोल्या दिल्या. पाणी टाकीतले, म्हणून प्रत्येकाला पाच मिनिटेच. नळ मधे बंद करून साबण लावावा, म्हणजे ती पुरतात.

२०२० मध्ये कोविडमुळे स्पर्शाचा हा सगळा व्यवहार थांबला. अमेरिकेतल्या ‘एक्सप्रेसस्पा’ने त्या काळात न्यूयॉर्कच्या जेएफके विमानतळावर कोविड चाचणी केंद्र उघडले.

तिकिटात धरलेला उपचार फुकट असला तरी काम करणाऱ्या बाईंचे हात दिवसभर राबत असतात. टिप देण्याची रीत असेल तिथे ती सढळ हाताने, थेट त्यांच्या हातात द्यावी.