पार्श्वभूमी : ‘दुर्मीळ’ इंग्रजी शब्द आणि त्यांच्यामागचं एक छोटंसं शून्य

हिवाळ्यातल्या उन्हाच्या उबेला इंग्रजीत ‘ॲप्रिसिटी’ म्हणतात, ही माहिती थंडी पडू लागली की हमखास फिरू लागते. शब्द सुंदर आहे. मूळही खरं आहे. लॅटिनमध्ये ‘आप्रिकुस’ म्हणजे ऊन लागणारं, उन्हातलं. खटकतं ते ‘म्हणतात’ हे क्रियापद. म्हणत कोण होतं? १६२३ साली निघालेल्या एका इंग्रजी कोशात हा शब्द नेमका याच अर्थासह दिलेला आहे. पण त्या काळातल्या पत्रांत, नाटकांत, प्रवचनांत तो कुणी सहज वापरलेला शोधायला गेलं, तर हाती काही लागत नाही. शब्द कोशात जन्मला आणि कोशातच राहिला.

अशा शब्दांची पैदास कशी झाली हे कळायला थोडं मागे जावं लागतं. सोळाव्या शतकात इंग्रजीत लॅटिन-ग्रीक शब्दांचा लोंढा आला आणि त्याविरुद्ध ओरडही झाली. शाई ठेवायला तेव्हा दौतीसारखं शिंग वापरत, म्हणून अशा पंडिती शब्दांना ‘शाईच्या शिंगातले शब्द’ असं हिणवलं जाई. १५५३च्या एका वक्तृत्वशास्त्रावरच्या ग्रंथात या भाषेची टर उडवणारं एक बनावट पत्र छापलेलं आहे. त्यातले ‘इंजंट’ (म्हणजे प्रचंड) आणि ‘मॅग्निफिकल’ हे शब्द पुढे मागे पडले, पण त्याच पत्रातले ‘सेलिब्रेट’, ‘कपॅसिटी’, ‘डेक्स्टेरिटी’ आज कुणालाही परके वाटत नाहीत. कोणता शब्द टिकणार हे टर उडवणाऱ्यालाही ओळखता आलं नव्हतं.

१६०४ साली एका शाळामास्तरांनी सुमारे अडीच हजार कठीण शब्दांची वर्णानुक्रमे यादी छापली. केवळ इंग्रजीचा असा पहिला कोश म्हणून तिचाच मान आहे. लक्षात घेण्यासारखं हे की तो सगळ्या शब्दांचा कोश नव्हता. घर, पाणी, झाड असले शब्द त्यात कशाला हवेत? ते सगळ्यांना येतच होते. अडतात ते शब्द द्यायचे, ही कोशाची मूळ कल्पना. १६२३चा कोश एक पाऊल पुढे गेला. त्याचा एक भाग उलटा होता: तुम्हाला साधा शब्द माहीत आहे, तर त्याऐवजी भारदस्त शब्द कोणता वापरायचा ते त्यात सांगितलेलं होतं. इतके भारदस्त शब्द आणायचे कुठून? लॅटिन-इंग्रजी कोश हाताशी होता. त्यातला लॅटिन शब्द घ्यायचा, शेपूट कापायचं आणि इंग्रजी शेपूट जोडायचं. ‘-तास’ काढून ‘-टी’ लावली की झाला शब्द. मग पुढचा कोशकार मागच्याचे शब्द उचलणार आणि त्याच्यापुढचा त्याचे.

१७५५च्या प्रसिद्ध कोशाने निदान हा प्रकार उघड सांगितला. जे शब्द फक्त जुन्या कोशांत आढळले, त्यांच्यापुढे ‘कोश’ या अर्थाची खूण केली. कोशकारांच्या ग्रंथांबाहेर कुणी हे शब्द वाचले असतील याची खात्री नाही, हे प्रस्तावनेतच लिहिलं. मला हा प्रामाणिकपणा फार मोठा वाटतो.

खरा पेच पडला तो एकोणिसाव्या शतकात. १८५७ साली लंडनमधल्या भाषाशास्त्राच्या एका मंडळाने कोशांत न नोंदलेले शब्द गोळा करायला समिती नेमली. त्यातून ठरलं असं की कोशकाराने शब्दांचा न्यायाधीश व्हायचं नाही, इतिहासकार व्हायचं. चांगला-वाईट, शिष्ट-अशिष्ट असा निवाडा न करता शब्द कधी आला, कसा बदलला, कधी गेला हे अवतरणांसह दाखवायचं. १८७९ साली अशा नव्या कोशासाठी, म्हणजे पुढच्या ‘ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी’साठी, ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या प्रकाशनसंस्थेशी करार झाला, तेव्हा दहा वर्षांत, चार खंडांत काम उरकेल असा अंदाज होता. १८८४ साली पहिला भाग निघाला आणि मजल ‘अँट’ म्हणजे मुंगीपर्यंतच आली होती. काम संपलं १९२८ साली. ४,१४,८२५ शब्दरूपांची नोंद झाली आणि पानं पंधरा हजारांच्या वर गेली.

आता इतिहास लिहायचा तर पुरावा म्हणजे अवतरण. ज्या शब्दाला अवतरणच नाही, जो फक्त जुन्या कोशांत दिसतो, त्याचं करायचं काय? वगळावा, तर शतकभर कोशांतून छापलेली गोष्ट दडवल्यासारखं होतं. घ्यावा, तर कुणी न बोललेल्या शब्दाला भाषेत जागा दिल्यासारखं होतं. संपादकांनी मधला मार्ग काढला. शब्द घेतला, अर्थ दिला आणि पुढे ‘दुर्मीळ’ असं लिहून त्याला एक आडवी रेघ आणि वर चढवलेलं बारीक शून्य जोडलं. ‘दुर्मीळ, शून्य’ म्हणजे प्रत्यक्ष वापराचं एकही अवतरण मिळालं नाही. ‘दुर्मीळ, एक’ म्हणजे एकच मिळालं. तीळभर आकाराची ही खूण छापील पानावर नजरेतून सहज निसटते, पण नोंदीतली सगळ्यात महत्त्वाची माहिती तिच्यातच आहे.

या निर्णयावर तेव्हाही कुरबुर होती आणि आजही मतं दोन्हीकडे आहेत. पानं कमी करा म्हणून प्रकाशकांचा तगादा चालू असताना, कुणी न उच्चारलेल्या शब्दांना जागा का द्यायची? या आक्षेपात तथ्य आहे, आणि एका प्रसंगाने तो जास्तच टोचतो. ‘बाँडमेड’ म्हणजे दासी, बटीक. बायबलच्या भाषांतरांतून घरोघरी गेलेला हा शब्द. ‘बी’ अक्षर छापून झालं तेव्हा तो कोशात नव्हता! त्याची अवतरणं लिहिलेल्या चिठ्ठ्या गहाळ झाल्या होत्या. १९३३च्या पुरवणीत त्याला जागा मिळाली. म्हणजे जिवंत शब्द बाहेर राहिला आणि कागदी शब्द आत बसले. तरीही मला संपादकांचंच बरोबर वाटतं. १६२३च्या कोशात शब्द छापला गेला ही घटना खरी आहे. ती नोंदवायलाच हवी, फक्त शून्यासह.

दुर्मीळ शब्दांच्या याद्या करणाऱ्यांनी नेमकं शून्य गाळलं. शब्द आणि अर्थ तेवढे उचलले, आणि ‘कुणी वापरला नाही’चं झालं ‘लोक विसरले’. या दोन गोष्टी एक नव्हेत.

‘घोस्ट वर्ड’ म्हणजे भुताटकीचा शब्द या संज्ञेचाही असाच घोळ झाला आहे. हल्ली कुठल्याही विस्मृतीत गेलेल्या शब्दाला ती लावतात. १८८६ साली एका भाषाशास्त्रज्ञाने ती योजली तेव्हा अर्थ काटेकोर होता: लेखनिकाच्या, खिळे जुळवणाऱ्याच्या किंवा संपादकाच्या चुकीतून जन्मलेला, प्रत्यक्षात कधीच नसलेला शब्द. १८०८च्या एका ब्रिटिश नियतकालिकात हिंदुस्थानातले लोक हातातून ‘काइम्स’ आरपार घालतात असं छापलं होतं. हे काइम्स म्हणजे काय? काही नाही. ‘नाइव्ज’, म्हणजे सुऱ्या. रोमन लिपीतल्या शेजारशेजारच्या उभ्या रेघा चुकीच्या जुळवल्या आणि नवं हत्यार तयार झालं. ‘अबॅकॉट’ हा राजाचा मुकुटवजा शिरपेच कितीतरी कोशांत दिमाखाने मिरवत होता. तो ‘बायकॉकेट’ नावाच्या टोकदार टोपीची बिघडलेली नक्कल असल्याचं १८८२ साली उघड झालं.

या जातीतलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण विसाव्या शतकातलं. अमेरिकेतल्या एका मोठ्या कोशाच्या कचेरीत ३१ जुलै १९३१ रोजी रसायनशास्त्राच्या संपादकाने एक चिठ्ठी लिहिली: मोठा ‘डी’ किंवा लहान ‘डी’, अर्थ घनता. चिठ्ठी जायला हवी होती संक्षेपांच्या गठ्ठ्यात. इंग्रजीत ‘किंवा’साठी ‘ऑर’, आणि मुख्य शब्दाची अक्षरं सुटी सुटी टंकायची पद्धत. ‘डी ऑर डी’मधली मोकळी जागा कुणाला दिसलीच नाही. चिठ्ठी शब्दांच्या गठ्ठ्यात गेली, तिला उच्चार जोडला गेला आणि १९३४च्या आवृत्तीत ‘डॉर्ड’ म्हणजे घनता असा शब्द छापून आला. २८ फेब्रुवारी १९३९ रोजी एका संपादकाला या नोंदीत व्युत्पत्ती नाही हे खटकलं, त्याने जुन्या चिठ्ठ्या उपसल्या आणि चोर सापडला. शब्दाचं मूळ विचारणं ही नुसती हौस नाही, तपासणी आहे, हे इतकं स्वच्छ दुसरीकडे क्वचितच दिसतं.

काही शब्द तर जाणूनबुजून पेरलेले आहेत. ‘एस्क्विव्हेलियन्स’, म्हणजे कर्तव्य मुद्दाम टाळणं, हा २००१च्या एका कोशात नकलाकारांना पकडायला लावलेला सापळा होता. २००५ साली ते उघड झालं. ‘न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिकोव्होल्कॅनोकोनिऑसिस’ हे फुप्फुसरोगाचं पंचेचाळीस अक्षरी नाव १९३५ साली अमेरिकेतल्या कोडीप्रेमींच्या मेळाव्यात, सगळ्यात लांब शब्द हवा म्हणून रचलं गेलं होतं. याउलट ‘पेट्रिकोर’, पहिल्या पावसाचा मातीचा वास, हा १९६४ साली ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी गरजेपोटी घडवला. ग्रीकमधला ‘पेत्रा’ म्हणजे दगड आणि ‘इकोर’ म्हणजे देवांच्या नसांतून वाहणारा द्रव. त्याला ‘प्राचीन शब्द’ म्हणणाऱ्यांनी हे साल पाहावं.

खरोखर हरवलेले शब्द वेगळेच असतात, आणि बरेचदा साधे असतात. १५३५च्या बायबलच्या भाषांतरात ‘ओव्हरमॉरो’ आहे, म्हणजे उद्याचा पुढचा दिवस. आपला ‘परवा’ मागचा आणि पुढचा दोन्ही दिवस एकटा सांभाळतो; इंग्रजीने हातातला शब्द टाकून दिला आणि आता चार शब्द जुळवून काम भागवते. ‘स्नॉलीगॉस्टर’, म्हणजे धूर्त, तत्त्वशून्य माणूस, विशेषतः राजकारणी, हा एकोणिसाव्या शतकातला अमेरिकी शब्द एका कोशाने २००३ साली काढला. लोक तो पुन्हा वापरू लागले तेव्हा २०१७ साली परत घेतला.

ॲप्रिसिटीचंही तसंच होऊ घातलं आहे. चारशे वर्षांपूर्वी जो कुणी वापरत नव्हतं, तो आज लोक खरंच वाक्यात घालतात, आणि त्याचा अर्थ तोच राहिला आहे. ऑक्सफर्डच्या त्या मोठ्या कोशाच्या नव्या, संगणकावरच्या आवृत्तीत शून्याच्या खुणेऐवजी ‘फक्त कोशांतच आढळल्याचं दिसतं’ अशी सरळ वाक्यातली टीप अशा शब्दांना दिलेली असते. याद्या करणाऱ्यांनी शब्दाबरोबर तेवढी टीपही उचलावी.